देणगीत वस्तू आल्या तर एंट्री कशी करायची?

संस्थेच्या डोनर डेटाबेसमध्ये, म्हणजे देणगीदारांच्या नोंदींमध्ये, पैशाची देणगी टाकणं सोपं असतं, रक्कम, तारीख, पावती नंबर, झालं. खरी गडबड वस्तू आल्या की होते. आमच्याकडे एकांनी 12 खुर्च्या आणि 3 वापरलेले लॅपटॉप दिले, कुणीतरी अंदाजाने किंमत लावून ती सरळ रकमेच्या रकान्यात टाकली आणि प्रकार 'रोख' तसाच राहिला. वर्षअखेरीला डेटाबेसची बेरीज आणि बँकेचं स्टेटमेंट काही केल्या जुळेना, दोन दिवस एकेक एंट्री उघडून बघत बसलो.

तेव्हापासून वस्तूंसाठी प्रकारच वेगळा ठेवलाय, म्हणजे रिपोर्ट काढताना रोख आणि वस्तू मिसळत नाहीत. काय आलं, किती नग, कुठल्या अवस्थेत, कधी ताब्यात आलं, हे सगळं लिहायचंच. किंमत लावताना नव्या लॅपटॉपचा भाव धरायचा नाही, तेवढाच जुना, तशाच अवस्थेतला आज बाजारात कितीला जाईल ते बघायचं आणि हा आकडा कुणी, कशावरून काढला तेही टिपून ठेवायचं, कारण ऑडिटर नेमकं तेच विचारतात.

आणि आभाराचं पत्र! त्यात नुसतं 'आपल्या देणगीबद्दल धन्यवाद' असं छापील नको हो. खुर्च्या दिल्यात तर खुर्च्याच लिहा. माणसाने घरातून उचलून, पुसून आणून दिलेल्या असतात त्या, पत्रात त्या खुर्च्यांचं नाव तरी नीट यायला हवं.