लादीवर कुंकू झालं त्या दिवशी

दगडी फरशी साफ करून सील करायचं, म्हणजे पाणी आणि डाग लगेच आत मुरू नयेत म्हणून वर सीलर द्यायचं काम करतो मी, पुण्यात, नऊ वर्षं झाली. ऑगस्टमधली एक साइट अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

जुना बंगला, तळमजल्यावर हॉलभर ग्वाल्हेर मिंट, म्हणजे फिकट हिरवट-पांढुरका सँडस्टोन. काकू एकट्या राहतात, मुलगा अमेरिकेत. आधी कुणीतरी येऊन त्यावर पाण्यातलं ॲक्रिलिक मारून गेलेलं, चकचकीत दिसावं म्हणून. अहो, सँडस्टोन म्हणजे चिकटलेली वाळू, त्याला ग्रॅनाइटसारखी चमक यायचीच नाही, पण लोकांना आरसाच हवा असतो आणि मारून देणारेही भेटतात. खालून ओल येते, वर हा पापुद्रा, मग ओलीतलं मीठ बाहेर पडायला वाट नाही म्हणून दगडाच्या आतच त्याचे खडे बनतात आणि वरचा थर सोलून काढतात. काकूंच्या हॉलमध्ये भिंतीकडेने नखाने खरवडलं तरी भुगा निघत होता. त्यावर बाई रोज फिनाइल आणि 'डाग गेला नाही तर' टॉयलेटचं ॲसिड मारणार. ते ॲसिड या दगडातलं लोह बाहेर काढतं, पिवळे-तांबूस डाग पडतात आणि ते मग तुमच्या-माझ्या बापाने जात नाहीत.

गणपतीला अकरा दिवस. ॲक्रिलिक उतरवायला अल्कलाइन स्ट्रिपर लागतो, म्हणजे जुना कोट सोडवणारं क्षारयुक्त रसायन: ओतायचा, पंधरा मिनिटं सुकू न देता ठेवायचा, ब्रशने घासायचा, वेट व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा, मग साध्या पाण्याने तीनदा धुवायचं आणि दर वेळी पीएचचा कागद लावून स्ट्रिपर उरला नाही ना ते बघायचं. हे कागद लावणं कुणी करत नाही, आणि मग म्हणतात सीलर टिकला नाही.

देवघरासमोर बसून-उठून आधीचा कोट झिजलेला होता. तिथे पोऱ्याने स्ट्रिपर ओतला आणि ओरडलाच. बघतो तर दोन लाद्या लालभडक, कुणी बकरं कापल्यासारख्या. माझ्या पोटात गोळा आला. पोऱ्या धावला किचनमध्ये, लिंबू पिळतो म्हणे, मी त्याचा हात धरला, लिंबूही ॲसिडच, वर लोहाची गोष्ट सांगितली तीच. तेवढ्यात काकू आल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अरे, कुंकू केलंत की! माझी आई हळदीत चुना घालून घरीच करायची." चुना काय, स्ट्रिपर काय, दोन्ही अल्कलाइन, आणि त्यात हळद लाल होते. मी एवढी केमिकलं हाताळतो, डब्यावरची इंग्रजी पत्रकं वाचतो, पण वर्षानुवर्षांची हळद दगडात मुरलीये हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धुतल्यावर लाल गेलं, पिवळं राहिलं.

काकू म्हणाल्या, हळदीचा डाग उन्हात जातो. खरंय ते, पण देवघर ईशान्येच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, त्यात ऑगस्टमधलं पुणं, ऊन आणू कुठून! मग मी हुशारी केली. केओलिन मातीत रंग उडवणारं हायड्रोजन पेरॉक्साइड कालवून थापलं, वर प्लॅस्टिक, चोवीस तास. दुसऱ्या दिवशी उचललं तर डाग गायब. आणि त्या दोन लाद्या बाकी हॉलपेक्षा चांगल्याच उजळ, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात एकच नवा दात बसवावा तशा. मी बाकीच्या लाद्या पुन्हा घासून पाहिल्या, जुळेना. काकू बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "ते पिवळं काढा असं मी कुठे म्हटलं होतं?"

नव्हतंच म्हटलं. मी विचारलंही नव्हतं.

सात दिवस पंखे लावून वाळवलं. मग ओल उरलीय का ते बघायला दीड फुटाचे प्लॅस्टिकचे चौकोन चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवले. मधल्या भागात कोरडं, बाथरूमच्या भिंतीलगत आतून थेंब. म्हणून त्या दोन ओळी सील करायच्या नाहीत असं ठरवलं, तर मुलगा व्हिडिओ कॉलवर, "पैसे पूर्ण हॉलचे घेता ना?" त्याला ओलीबद्दल समजावलं, त्याला त्यात पळवाट दिसली. शेवटी दोन ओळींचे पैसे कापले. बाकीच्या लाद्यांना आत मुरणारा सीलर दिला, दोन हात, पहिला ओला असतानाच दुसरा, आणि वर राहिलेला दहा मिनिटांत पुसून काढायचा, नाहीतर पांढुरकी झाक बसते. आधी थेंब टाकला की पाच-सहा सेकंदांत दगड पिऊन टाकायचा, आता अळूच्या पानावर राहावा तसा टपोरा. काकूंना सांगितलं की हळद-तेल सांडलं तर लगेच पुसा, सीलर म्हणजे कवच नव्हे, थोडा वेळ मिळतो एवढंच.

गणपती झाल्यावर काकूंचा फोटो आला. भिंतीलगतच्या दोन ओळींत पांढरा खार फुटलाय, त्या केरसुणीने झाडून काढतात. बाकी ठीक. देवघरासमोरच्या उजळ लादीवर मात्र परत एक पिवळा ठिपका. मी लिहिलं, लगेच पुसलं नाही का? उत्तर आलं, "नाही."