एकाच क्रमांकाचे दोन डबे

दुबईच्या ज्या हॉटेलात मी सिगार लाउंज सांभाळतो, तिथे हिवाळ्यात भारतातल्या लग्नांची रीघ लागते. हल्ली रात्रीच्या पार्टीत सिगारचा एक कोपरा मांडायची पद्धत पडली आहे. काही यजमान आमच्याकडून सिगार घेतात, काही स्वतःच्या घेऊन येतात. स्वतःच्या आणल्या तर आम्ही कापून, पेटवून देतो आणि त्याचं शुल्क लावतो. मात्र बाहेरचा माल आधी माझ्या टेबलावर येतो. कीड किंवा बुरशी असेल तर तो आमच्या ह्युमिडॉरच्या, म्हणजे ठरावीक आर्द्रतेत सिगार ठेवायच्या खोलीच्या, जवळपासही फिरकू द्यायचा नाही आणि नकली असेल तर हॉटेलच्या ट्रेमधून वाढायचा नाही, हे दोन नियम पक्के.

किडीचं मी आधी बघतो, कारण ती सगळ्यात जास्त नुकसान करते. तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी पानात असतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. तापमान पंचवीस अंशांच्या आसपास गेलं की ती फुटतात, अळ्या पान पोखरत जातात आणि सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. एका डब्यातून सगळ्या खोलीभर पसरायला वेळ लागत नाही. म्हणून आमची खोली अठरा-वीस अंशांच्या पुढे जाऊ देत नाही आणि आर्द्रता पासष्ट ते सत्तर टक्क्यांत ठेवतो.

त्या दिवशी दुपारी वधूपिता स्वतःच दोन डबे घेऊन आले. इचलकरंजीचे कारखानदार, कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलेलं. माझी भाषा ऐकून त्यांनी गाव विचारलं. निपाणीजवळचं म्हटल्यावर त्यांनी डबे बाजूला ठेवले आणि १९८१ चं तंबाखू आंदोलन काढलं. शरद जोशी, पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसलेले शेतकरी, शेवटी झालेला गोळीबार. तेव्हा ते कॉलेजात होते आणि त्यांच्या गल्लीतून भाकऱ्यांची गाठोडी गेली होती म्हणे. माझ्या घरात या गोष्टी मी लहानपणापासून ऐकलेल्या. आई वखारीत तंबाखू निवडायला जायची. मग मी त्यांना काका म्हणायला लागलो, त्यांनी मला अरे-तुरे सुरू केलं आणि पुढचं काम माझ्यासाठी अवघड होऊन बसलं.

डब्यांवर नाव होतं कोहिबा एस्प्लेंदिदोस. कोहिबा हा क्युबाचा सिगारचा ब्रँड, एस्प्लेंदिदोस हा त्यातला एक प्रकार. दोन्हींत पंचवीस-पंचवीस. कोहिबा १९६६ पासून बनते. हवानाच्या एल लागितो कारखान्यात ती आधी फिदेल कास्त्रो आणि सरकारी पाहुण्यांपुरतीच वळली जायची, बाजारात आली ती १९८२ मध्ये. कास्त्रोंनी १९८५ साली सिगार सोडली, पण नावाभोवतीचं वलय तसंच राहिलं. त्यात २०२२ मध्ये कोहिबाचे भाव जगभर एका पातळीवर आणले गेले आणि बऱ्याच देशांत ते एका उडीत कुठल्या कुठे गेले. महाग आणि नावाजलेली म्हणून नकलीही हिच्याच सर्वांत जास्त. एस्प्लेंदिदोस तर त्यात पुढेच.

"कुठून घेतल्या, काका?"

"आपल्या एका मित्राने आणल्यात. तो हवानाला गेला होता. तिथे एक जण भेटला, त्याची बहीण कारखान्यात कामाला. तिला महिन्याला काही डबे मिळतात, ते तो स्वस्तात देतो."

ही बहीण मला ठाऊक आहे. कधी ती भाऊ असते, कधी मामा. हवानाच्या रस्त्यावर पर्यटकांना ही गोष्ट वर्षानुवर्षं ऐकवली जाते. तरीही नुसत्या गोष्टीवरून मी निकाल देत नाही. "बघतो," म्हटलं आणि दिवा जवळ ओढला.

सुरुवात डब्यापासून. हिरवी हमीपट्टी दोन्हींवर होती. खऱ्या डब्यावर ही पट्टी असते, २०१० पासून तिच्यावर होलोग्राम आहे, आणि बारकोडसह एक क्रमांक असतो. छपाई चांगली होती, होलोग्रामही चमकत होता. मग डबा उलटा केला. तळाला "हेचो एन कुबा, तोतालमेंते आ मानो", म्हणजे क्युबात बनवलेली, संपूर्ण हातची, अशी अक्षरं असतात आणि ती लाकडात डागलेली असतात. नखाने चाचपलं की खोलगट लागतात. दोन्ही डब्यांवर नख सरळ घसरत गेलं. ती शाईने छापलेली होती. मग मी दोन्ही हमीपट्ट्या शेजारी शेजारी धरून क्रमांक वाचले. पहिल्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत क्रमांक एकच.

इथे माझं अर्धं काम संपलं होतं. एक क्रमांक दोन डब्यांवर असूच शकत नाही. काकांना मी तो दाखवला. त्यांनी चष्मा काढून, पुसून पुन्हा घातला आणि स्वतः वाचला.

"म्हणजे एक खरा, एक खोटा?"

"दोन्ही खोटे, काका. तळाची अक्षरंही तसंच सांगतात."

ते काही बोलले नाहीत. वरच्या मजल्यावर व्याही मंडळी होती आणि रात्री कोहिबा आहे हे त्यांना आधीच सांगून झालं होतं. मी त्यांच्यासाठी चहा मागवला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "माझ्याकडे दुसऱ्या गिरणीचा शिक्का मारलेला तागा आला, तर तो खोटा हे मी सांगेनच. पण कापड कसं आहे ते वेगळं बघावं लागतं. तसं ह्याचं बघता येईल?"

इतकी वर्षं हे काम करतोय, पण इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला आहे. बहुतेकांना खरी की नकली एवढंच हवं असतं. ते ऐकलं की सिगारकडे कुणी बघतही नाही. आणि सिगारचा गुण ठरतो तो पानात आणि वळणाऱ्याच्या हातात.

मी दोन्ही डब्यांतली एकेक सिगार काढली. खऱ्या डब्यात सिगारी रंगावर लावलेल्या असतात, डावीकडे गडद आणि उजवीकडे फिकट होत गेलेल्या. फरक इतका बारीक असतो की सवयीच्या डोळ्यालाच दिसतो. पहिल्या डब्यात रंगांचा नुसता गोंधळ होता. दुसऱ्यात कुणीतरी निदान एकसारखं पान निवडलं होतं. मग अंगठा आणि तर्जनीत धरून टोकापासून टोकापर्यंत हलकेच दाबत गेलो. पहिली एका ठिकाणी पोकळ, त्याच्या पुढेच गाठ. दुसरी सगळीकडे सारखी, किंचित लवणारी. (काही जण सिगार कानाशी धरून चुरचुरवतात. त्यातून कोरडी आहे की ओली एवढंच कळतं आणि वरचं नाजूक पान मात्र तडकतं. कृपा करून तसं करू नका.) पहिलीच्या डोक्यावर पानाचा एकच गोल तुकडा चिकटवलेला. दुसरीच्या डोक्यावर एकावर एक बसवलेल्या तीन कडा स्पष्ट दिसत होत्या. हे तिहेरी टोपण नवशिक्याला जमत नाही. ही कुणा तयार तोर्सेदोरने, म्हणजे सिगार वळणाऱ्या कारागिराने, वळली होती.

"आता एकेक चिरावी लागेल," मी म्हणालो. काकांनी मान हलवली.

पांढऱ्या कागदावर दोन्ही ठेवून मी धारदार पात्याने उभ्या चिरल्या. पहिलीतून चुरा सांडला. पानांचे तुकडे, जाड शिरांच्या काड्या, एक आखूड देठ, आणि वास जुन्या गोणपाटाचा. ही सिगार ओढताना तोंडात कण येणार, मध्येच विझणार आणि एका बाजूने जळत सुटणार. दुसरी उघडली तेव्हा काकाच पुढे वाकले. आत पूर्ण लांबीची पानं होती, बुडापासून डोक्यापर्यंत सलग, घडी घालून बसवलेली. मधोमध एक जाड, गडद, तेलकट पान. त्याला लिगेरो म्हणतात. झाडाच्या वरच्या भागातलं, सर्वांत जास्त ऊन खाल्लेलं आणि सर्वांत तिखट. ते सावकाश जळतं म्हणून मध्यभागीच ठेवायचं असतं. कडेला गेलं तर सिगार वाकडी जळते. त्याच्या भोवती सुगंधाचं सेको आणि बाहेर लवकर पेटणारं वोलादो.

मी तिन्ही पानं वेगळी करून काकांच्या हातात दिली. आमच्याकडचा बिडीचा तंबाखू शेतातच उन्हात वाळतो. क्युबातल्या पिनार देल रिओकडे सिगारचं पान कोठारात सावलीला टांगून दीड-दोन महिने वाळवतात, मग ढीग रचून आंबवतात. पण बोटांना दोन्हीकडे कळायचं ते एकच असतं. ओल बरोबर असलेलं पान घडी केली तर मोडत नाही आणि सोडलं की हळूहळू उलगडतं. आई पहाटे दव असताना पान हाताळायला लावायची ते याचसाठी. दुसऱ्या सिगारचं पान उलगडलं.

"आता?"

"आता ओढून बघायची. शेवटचा निकाल तिचाच."

मी दुसऱ्या डब्यातली एक घेतली. टोपण जिथे संपतं त्याच्या दोन मिलिमीटर वर कापली. त्याखाली कापलं की वरचं पान सुटत येतं. न पेटवता एक झुरका घेतला. हवा मोकळी येत होती. चव वाळल्या गवताची, थोडी खारट. मग ज्योत लांब धरून बूड सगळीकडून सारखं तापवलं आणि पेटवली. पेट्रोलचा लायटर मी वापरत नाही, पहिल्या इंचभर तोच वास येत राहतो. धूर तोंडातच ठेवायचा, छातीत घ्यायचा नाही, आणि मिनिटाला एखादाच झुरका. घाई केली की सिगार तापते आणि कितीही भारी असली तरी कडू होते. छातीत धूर घेत नाही म्हणून तोंडाचा आणि घशाचा धोका टळत नाही, हे मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो, काकांनाही सांगितलं.

पहिल्या एक-तृतीयांश भागात काळी मिरी. जीभ चुरचुरेल इतकी नाही, पण ठळक. जळण्याची रेघ सरळ. राख इंचभर टिकली आणि मग एका तुकड्यात पडली. हा लांब पानाचा आणि नेटक्या बांधणीचा पुरावा. राख पांढरी असली की सिगार भारी, असं बरेच जण म्हणतात, त्यात तथ्य नाही. तो रंग मातीतल्या खनिजांवर, विशेषतः मॅग्नेशियमवर जातो. मध्यावर मिरी उतरली आणि सुक्या लाकडाची, भाजलेल्या शेंगदाण्याची चव आली. पण कोहिबाचं जे खास आहे, ताज्या गवताचा गंध, त्यामागून मधासारखा गोडवा आणि सायीसारखा मऊ धूर, तो शेवटपर्यंत आला नाही. कोहिबाच्या सेको आणि लिगेरोला पिपांमध्ये आणखी एकदा, तिसऱ्यांदा आंबवतात. तो मऊपणा तिथून येतो आणि हमीपट्टी छापून तो मिळत नाही.

"काका, पहिला डबा फेकून द्या. कुणालाही देऊ नका. दुसरा कोहिबा नाही, पण सिगार चांगली आहे. पान प्रामाणिक आहे, हात तयार आहे. मला कुणी बिनानावाची म्हणून दिली असती तर मी आनंदाने ओढली असती."

"मग तीच देऊ रात्री."

"सिगारींवरच्या कागदी पट्ट्या काढून. कोहिबाच्या नावाने हॉटेल नाही देणार, आणि तुम्हीही देऊ नये असं मला वाटतं."

त्यांनी लगेच होकार दिला नाही. व्याह्यांना काय सांगायचं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मी आमच्या साठ्यातल्या खऱ्या कोहिबाचा भाव सांगितला, तोही त्यांनी ऐकून घेतला. शेवटी त्यांनी बाह्या दुमडल्या आणि पट्ट्या काढायला माझ्याबरोबर स्वतः बसले. घाईने ओढली तर डिंकाबरोबर वरचं पान फाटतं, म्हणून आधी बोटाने पट्टी किंचित फिरवून सैल करायची आणि मग सांधा सोडवायचा. कापडवाल्याची बोटं, एकही पान फाटलं नाही.

रात्री त्यांनी व्याह्यांना सगळं सांगून टाकलं, मित्र, बहीण, एकच क्रमांक, सगळं. व्याह्यांनी शांतपणे ऐकलं आणि एक सिगार संपवून दुसरी मागितली. मी त्यांना सावकाश ओढायला सांगून ती पेटवून दिली.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड निघायच्या आधी काका एकटे खाली आले आणि खरी एस्प्लेंदिदोस मागितली. पेटवायच्या आधी त्यांनी ती दाबून पाहिली, डोक्यावरच्या कडा मोजल्या, न पेटवता झुरका घेतला. निम्मी झाल्यावर म्हणाले, "कालची सुरुवातीलाच बोलायला लागली होती. ही उशिरा बोलतेय, पण गोड बोलतेय."

मग त्यांनी हॉटेलचा कागद मागून घेतला. तो मित्र पुन्हा हवानाला जाणार होता आणि काय काय बघायचं ते त्याच्यासाठी लिहून हवं होतं. मी लिहिलं: रस्त्यावर कुणाकडून घेऊ नका, ला कासा देल हाबानोसारख्या अधिकृत दुकानातून घ्या आणि पावती ठेवा, काचेच्या झाकणाचा कोहिबाचा डबा दिसला तर तिथूनच मागे फिरा, खरी कोहिबा तशा डब्यात येत नाही, तळाच्या अक्षरांवर नख फिरवा, दोन डबे असतील तर क्रमांक ताडून बघा. काकांनी कागद वाचला, माझ्याकडून पेन घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: "आणि पैसे द्यायच्या आधी एक चिरून बघ, मी भरतो तिचे."