तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या एरियात ऑरगॅनिकचं पॉश दुकान चालेल का?

महिन्यातून एखादा तरी फोन येतोच, कधी मैत्रिणीच्या दिरांचा, कधी व्हीआरएस घेतलेल्या कुणा काकांचा, की आमच्या इथे ऑरगॅनिकचं एक मस्त, एसीवालं, पॉश दुकान टाकायचा विचार आहे, चालेल का? मी पुण्यातल्या अशा दुकानांना खपली गहू, नाचणी, गूळ, घाण्याचं तेल असा माल पुरवते, म्हणून मला माहीत असणार असं लोकांना वाटतं. आणि फोनवरचं पुढचं वाक्य पण ठरलेलं असतं, "एरिया एकदम हायफाय आहे हो, दीड-दीड कोटीचे फ्लॅट आहेत."

फ्लॅटच्या किमतीचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. दीड कोटीच्या फ्लॅटचा ईएमआय पण तसाच असतो, आणि त्यातल्या कितीतरी घरांत दोघंही सकाळी आठला हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले, स्वयंपाकाला मावशी येतात, काय संपलंय ते मावशींना माहीत, मॅडमना नाही, मग मावशी फोन करतात, मॅडम मीटिंगमध्ये बसून ब्लिंकिटवर टाकतात आणि मावशींची फोडणी होईपर्यंत पिशवी दारात. आता ह्या सगळ्यात तुमचं दुकान नेमकं कुठे येतं ते सांगा.

मी विचारणाऱ्याला आधी कागद-पेन घ्यायला लावते. समजा गाळ्याचं भाडं ८० हजार, तीन माणसांचा पगार मिळून ४५ हजार (ह्यात चांगली माणसं मिळत नाहीत, पण चला), एसी आणि दोन फ्रिजचं लाइटबिल २० हजार, बाकी पिशव्या, मशीन, किरकोळ ५ हजार. झाले दीड लाख. भाजीची घट, एक्स्पायरी वगैरे जाऊन हातात २० टक्के मार्जिन उरतं असं धरू, म्हणजे साडेसात लाखांची विक्री झाली तर तुम्ही शून्यावर. रोजचे २५ हजार. एक बिल सरासरी ४०० रुपयांचं धरलं तर रोज साठ-बासष्ट बिलं. आता गंमत बघा, तीच तीच घरं आठवड्यातून दोनदा येत असतील तर सव्वादोनशेच्या आत घरं पुरतात, म्हणजे दोन मोठ्या सोसायट्या. पण महिन्यातून एकदाच येणारी असतील तर जवळजवळ १९०० घरं लागतील आणि तेवढी घरं चालत येण्याच्या अंतरात असली तरी सगळी थोडीच तुमच्याकडे येणारेत! महिन्याने येणाऱ्याचं बिल मोठं असतं म्हणाल, तर नसतं हो फारसं, चियाचं एक पाकीट आणि मधाची बाटली, महिन्याचा किराणा डीमार्टमध्येच भरला जातो.

त्यामुळे एरिया श्रीमंत आहे का हे मी विचारतच नाही. मी विचारते की तुमच्याकडे आठवड्यातून दोनदा यायचं कारण काय? आणि इथे समोरचा माणूस क्विनोआ (ते परदेशी महागडं धान्य) म्हणतो. क्विनोआ आठवड्यातून दोनदा कोणी घेत नाही. आठवड्यातून दोनदा माणूस भाजी, दूध, अंडी, ब्रेड, इडलीचं पीठ, कोथिंबीर ह्यासाठी घराबाहेर पडतो, म्हणजे ज्या वस्तूंत मार्जिन कमी आणि वाया जाणं जास्त त्याच वस्तू तुमचं दुकान चालवतात. बाजरीचे पास्ते आणि बदामाचं बटर हे नंतरचं, आलेला माणूस बिलाच्या रांगेत उभा असताना उचलतो ते.

भाजीचं जवळून सांगते कारण सगळे तिथेच गडगडतात. पुरंदरकडून किंवा जुन्नरकडून सकाळी क्रेट येतो, मेथीच्या जुड्या अशा टवटवीत की बघत राहावं. ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या, मधूनमधून पाणी मारलं तर दुपारी एकपर्यंत तग धरतात. पण दुकान उघडतं दहाला! का तर मॉल दहाला उघडतो. भाजी घेणारी मंडळी म्हणजे सकाळचा वॉक करून साडेसात-आठला परतणारी, त्यांना तुमचं शटर बंद दिसतं, मग ती कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या ताईंकडे जातात. संध्याकाळी ऑफिसवाले येतात तोवर मेथीने मान टाकलेली, वर बोर्डावर ४५ रुपये जुडी, आणि बाहेर ताईंकडे तशीच जुडी २० ला, वर कढीपत्ता फुकट. हा कढीपत्ता फार महत्त्वाचा आहे बरं का! एका दुकानात मी थर्माकोलच्या ट्रेमध्ये, प्लास्टिक लावून, बारकोड चिकटवलेला कढीपत्ता बघितला, ५० ग्रॅम. एक काकू तो उलटसुलट करून बघत होत्या, मग त्यांनी तो हळूच जागेवर ठेवला, बास्केट पण ठेवली आणि निघून गेल्या. बास्केटमध्ये तेल, पोहे, दोन किलो तांदूळ होते. कढीपत्त्याने आठशेचं बिल घालवलं.

आणि ती काचेची दारं. आत काय आहे, किती महाग आहे ते कळत नाही म्हणून निम्मी माणसं बाहेरूनच जातात. दाराबाहेर दोन क्रेट टोमॅटो-काकडी मांडा, पाटीवर भाव लिहा, लगेच फरक दिसतो, फक्त महापालिकेचे अतिक्रमणवाले येतात तेव्हा पटकन आत ओढता यायला हवेत.

बरं, मग ऑरगॅनिक मुद्दाम घेणारे कोण असतात? माझ्या बघण्यात ह्या दुकानात माणूस दोन कारणांनी पहिल्यांदा शिरतो, एकतर घरात बाळ आलेलं असतं नाहीतर रिपोर्ट आलेला असतो. बाळाच्या नाचणीसत्त्वासाठी आई कुठलाही भाव देते, एरवी दहा रुपयांसाठी तीन ॲप बघणारी बाई तिथे किंमत विचारत पण नाही. आणि शुगरचा रिपोर्ट आला की खपली गहू, घाण्याचं तेल, सगळं एकदम सुरू. पण बाळ वर्षा-दीड वर्षात घरातली पोळीभाजी खायला लागतं, आणि रिपोर्टची भीती पण ओसरते, पुढच्या रिपोर्टपर्यंत. तेवढ्या काळात तुम्ही त्यांना भाजी-दुधाची सवय लावलीत तर ते राहतात, नाहीतर गेले. म्हणूनच नव्या एरियापेक्षा जुना एरिया मला बरा वाटतो. बाणेर-बालेवाडीत पैसा आहे पण माणसं भाड्याने राहतात, दोन वर्षांत जागा बदलतात, आणि घरी नसतातच. कोथरूडमध्ये मयूर कॉलनी, डहाणूकर बाजूला रिटायर्ड जोडपी आहेत, मुलं परदेशात, पेन्शन आहे, वेळ आहे, रोज पिशवी घेऊन खाली उतरायची सवय आहे. घासाघीस करतील, सर्टिफिकेट चष्मा लावून वाचतील, इंद्रायणी तांदूळ मागच्या वेळेसारखा नव्हता हे ऐकवतील, पण परवा परत येतील.

सर्टिफिकेटवरून आठवलं, हे जरा नीट समजून घ्या. पाकिटावर 'ऑरगॅनिक' छापून विकायचं तर २०१८ च्या जुलैपासून एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचे, नियम लागू आहेत, एनपीओपी (बाहेरची संस्था येऊन तपासते ती सरकारी पद्धत) नाहीतर पीजीएस-इंडियाचं (शेतकऱ्यांचा गटच एकमेकांची शेतं तपासतो ती) सर्टिफिकेट आणि हिरवा 'जैविक भारत'चा लोगो. छोटा शेतकरी स्वतःचा माल स्वतः थेट विकतो त्याला सवलत आहे, पण म्हणून तुमच्या शेल्फवर ती चालेल असं नाही. एनपीओपीमध्ये हंगामी पिकाच्या जमिनीला दोन वर्षं आणि फळबागेसारख्या पिकाला तीन वर्षं बदलाचा काळ असतो, त्या काळात शेतकरी रासायनिक खत-औषध बंद करतो, उत्पन्न बऱ्याचदा घटतं, आणि माल मात्र ऑरगॅनिकच्या भावाने विकता येत नाही. भाव चढा असण्याचं एक मोठं कारण हे आहे. गिऱ्हाइकाला हे काउंटरवरच्या माणसाने सांगता आलं पाहिजे आणि बारा हजारांवर ठेवलेल्या पोराला ते सांगता येत नाही, तो म्हणतो "मॅडम प्युअर आहे". मे महिन्यात तर धमालच असते, 'विदाऊट कार्बाइड' असा मोठा बोर्ड लावून हापूस ऑरगॅनिक म्हणून विकतात. कार्बाइडने फळ पिकवायला बंदीच आहे हो, कायदा पाळला हे बोर्डावर काय लिहायचं! आणि आढीत पिकवलेला आंबा झाडावर फवारणी झालेला असू शकतो, त्याचा ऑरगॅनिकशी संबंध नाही.

मग पावसाळा. ऑरगॅनिक रव्याला जाळी धरते, तांदळात टोके होतात, साध्या मालात पण होतात पण इथे लवकर होतात, जास्त होतात. गिऱ्हाईक पाकीट घेऊन येतं तेव्हा "औषध मारलेलं नाही ना, म्हणून किडे" हे स्पष्टीकरण एकदा चालतं. दुसऱ्यांदा ते डीमार्टला जातात. माझ्या गिऱ्हाइकांपैकी जी दुकानं टिकलीत ती पाकीट बघतसुद्धा नाहीत, बदलून देतात, आणि जून ते सप्टेंबर माझ्याकडून माल अर्धाच उचलतात, दर आठवड्याला. मला डिलिव्हरीचा वैताग होतो पण त्यांचं बरोबर आहे.

शिकागोचं एक उदाहरण मी नेहमी देते. होल फूड्स माहीत असेल, अमेरिकेतली ऑरगॅनिक किराण्याची मोठी साखळी, २०१७ मध्ये ॲमेझॉनने १३.७ अब्ज डॉलरला घेतली ती. त्यांनी २०१६ मध्ये शिकागोच्या दक्षिणेला एंगलवूड नावाच्या गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय वस्तीत दुकान उघडलं. महापालिकेने त्या जागेच्या विकासाला एक कोटी डॉलरच्या वर मदत दिली, दुकानाने काही वस्तूंचे भाव पण उतरवले, उद्घाटनाला मोठी गर्दी. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दुकान बंद. लगेच कोणी म्हणेल, बघा, गरीब एरिया होता. पण त्याच कंपनीने २०१३ मध्ये डेट्रॉइटला, म्हणजे त्याच वर्षी दिवाळखोरी जाहीर केलेल्या शहरात, मिडटाउन भागात दुकान टाकलं होतं, आणि एंगलवूडला कुलूप लागलं तेव्हा ते चालूच होतं. मिडटाउनला आजूबाजूला मोठी हॉस्पिटलं आहेत, वेन स्टेट युनिव्हर्सिटी आहे, ड्युटी संपली की जाता जाता सॅलड-सूप-दूध घेणारी माणसं रोज दारावरून जातात. हे माझं मत आहे, कंपनी असं म्हणालेली नाही. पण शहर श्रीमंत की गरीब ह्याच्यापेक्षा दारावरून रोज कोण जातं, हे मला ह्या दोन दुकानांतून जास्त दिसतं.

आपल्याकडे पण मोठ्यांना हे सोपं गेलेलं नाही. गोदरेजने २००५ मध्ये नेचर्स बास्केट काढलं, पॉश एरिया, पॉश माल, सगळं होतं, आणि २०१९ मध्ये साधारण ३०० कोटींना स्पेन्सर्सला विकून मोकळे झाले. ते पूर्ण ऑरगॅनिक दुकान नव्हे, पण तुमच्या डोळ्यासमोर जे चित्र असतं ना, लाकडी शेल्फ, पिवळे दिवे, चीज, ते साधारण तसंच. एवढं मोठं घराणं त्यातून बाहेर पडतं आणि आपण पीएफच्या पैशांतून इटालियन टाइल्स लावायच्या म्हणतो! फर्निचरला बारा लाख आणि मालाला तीन लाख असं बजेट मी बघितलेलं आहे, मग शेल्फ भरलेलं दिसावं म्हणून एकाच मधाच्या बाटल्या सहा ओळींत लावायच्या.

तर माझं उत्तर साधारण असं असतं. पॉश दुकान म्हणून विचारत असाल तर नाही, बहुतेक एरियात नाही चालणार. सकाळी सातला उघडणारं, भाजी-दूध-अंडी नीट ठेवणारं, मालक स्वतः गल्ल्यावर बसणारं आणि त्यात ऑरगॅनिक माल असणारं दुकान म्हणून विचारत असाल तर सव्वादोनशे घरं गोळा करणं अवघड आहे पण होतं, मी होताना बघते. त्या दुकानांत उधारीची वही पण असते, आणि कढीपत्ता फुकट असतो. अर्थात हे सांगितलं की फोनवरचे काका जरा हिरमुसतात, कारण सकाळी सातला उठून मेथी निवडायला त्यांनी व्हीआरएस घेतलेली नसते.

तरीही करायचंच असेल तर आधी गाळा घेऊ नका. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये एक टेबल लावा, भाजी, गूळ, तेल, दोन प्रकारचे तांदूळ, बस. पहिले दोन-तीन रविवार सगळे येतील, शेजारधर्म म्हणून घेतील, कौतुक करतील, ते मोजू नका. पाऊस पडत असताना जे छत्री घेऊन खाली उतरतात त्यांची नावं लिहून ठेवा. ती वीस-पंचवीसच्या वर जात नसतील तर गाळ्याचा विषय सोडा आणि टेबलच चालू ठेवा, भाडं नाही, लाइटबिल नाही, त्यात बरे पैसे सुटतात. आणि गेलीच पुढे तर ॲग्रीमेंट करताना लॉक-इन, म्हणजे गाळा मधेच सोडता येत नाही तो काळ, सहा महिन्यांच्या वर देऊ नका, मालक तीन वर्षं मागेलच, आणि शटरसमोर दोन ॲक्टिव्हा उभ्या राहतील एवढी जागा कोणाच्या हक्काची आहे ते आधी विचारून घ्या.