डॉक्टर आणि स्पॉक एकाच विश्वात राहतात का?

'डॉक्टर हू' ही ब्रिटिश आणि 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन, अशा या दोन विज्ञानकथा मालिकांचं विश्व एकच आहे का, असं मला वरचेवर विचारलं जातं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक'मधल्या स्पॉकला पाहिलेली मंडळी विचारतात, आणि आता त्यांची मुलंही. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

नाही, एकच नाही. हे मालिकांनी स्वतःच सांगून ठेवलंय. 'डॉक्टर हू'च्या 2005 मधल्या 'द एम्प्टी चाइल्ड' या भागात डॉक्टर, म्हणजे त्या मालिकेचा काळात फिरणारा नायक, परग्रहावरची वस्तू शोधायला निघतो, तेही लोकांना सरळ विचारत. त्याची सोबतीण रोझ वैतागते. एखादं यंत्र काढ, स्कॅन कर, एकदा तरी स्पॉकसारखं वाग, असं त्याला सुनावते. पुढे त्यांना भेटलेल्या कॅप्टन जॅकला त्याची ओळख करून देताना ती 'मिस्टर स्पॉक' असंच नाव ठोकून देते. म्हणजे रोझच्या जगात स्पॉक हे टीव्हीवरचं पात्र आहे.

पलीकडच्या जगात याच्या उलट आहे. 'स्टार ट्रेक'ची पुढची मालिका 'नेक्स्ट जनरेशन', तिच्या 1988 मधल्या 'द न्यूट्रल झोन' या भागात क्लेअर रेमंड ही विसाव्या शतकातली बाई शीतनिद्रेतून चोविसाव्या शतकात जागी होते आणि आपल्या मुलाबाळांचं पुढे काय झालं ते शोधते. पडद्यावर तिची वंशावळ उमटते. त्यात विल्यम हार्टनेल, पॅट्रिक ट्रॉटन, जॉन पर्टवी, टॉम बेकर, पीटर डेव्हिसन आणि कॉलिन बेकर ही नावं आहेत. डॉक्टरची भूमिका करणारे पहिले सहा नट! चित्र थांबवल्याशिवाय ती वाचताच येत नाहीत. सेटवरच्या पडद्यांची चित्रं करणाऱ्या कुणीतरी, कुणाला दिसेल न दिसेल याची फिकीर न करता, समुद्रापलीकडच्या मालिकेला केलेला हा नमस्कार आहे. मला या दोन मालिकांच्या नात्यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

तसे धागे पुष्कळ आहेत. 12 जुलै 1969 ला बीबीसीने 'स्टार ट्रेक' पहिल्यांदा दाखवली ती शनिवारी संध्याकाळी, 'डॉक्टर हू'चा हंगाम नुकताच संपल्यामुळे रिकाम्या झालेल्या वेळेत. नटांची ये-जा तर कायमचीच. सायमन पेग 2005 मध्ये डॉक्टरविरुद्ध उभा होता आणि 2009 च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात यानाचा अभियंता स्कॉटी झाला. त्याच चित्रपटात स्कॉटीचा छोटा सोबती कीन्सर झालेला दीप रॉय 1977 मध्ये 'डॉक्टर हू'त मिस्टर सिन होता. 'स्टार ट्रेक'च्याच 'एंटरप्राइझ' या मालिकेच्या 2003 मधल्या 'फ्युचर टेन्स' या भागात भविष्यातलं एक छोटंसं यान सापडतं, आणि ते बाहेरून दिसतं त्याहून आत कितीतरी मोठं निघतं. डॉक्टरचं काळयान, म्हणजे टार्डिस, ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

पण खरं नातं मला शत्रूंमध्ये दिसतं. 'स्टार ट्रेक'चा पहिला भाग अमेरिकेत 8 सप्टेंबर 1966 ला दाखवला गेला. बरोबर महिन्याने, 8 ऑक्टोबरला, 'डॉक्टर हू'ची 'द टेन्थ प्लॅनेट' ही कथा सुरू झाली आणि सायबरमेन, म्हणजे अवयव बदलून यंत्र होत गेलेले शत्रू, आले. गेरी डेव्हिससोबत त्यांना घडवणारा किट पेडलर हा लंडनमधला वैद्यक संशोधक होता. माणसाचे अवयव एकेक करून बदलत गेलो तर शेवटी माणूस उरतो का, ही त्याची खरीखुरी भीती होती. मानवी हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण व्हायला तेव्हा वर्षाहून अधिक काळ बाकी होता! त्या पहिल्या सायबरमेनचे चेहरे कापडाने गुंडाळलेले आहेत, पण हात मात्र माणसाचेच, उघडे. माणसं मरतील म्हणून डॉक्टरची सोबतीण पॉली कळवळते, तेव्हा त्यांच्यातला एक विचारतो की तुमच्या जगात सगळीकडे माणसं मरतच असतात, त्यांची कुठे पर्वा करता तुम्ही? या प्रश्नाने मी आजही अस्वस्थ होते.

'स्टार ट्रेक'चे असेच शत्रू, बोर्ग, आले 1989 मध्ये, 'नेक्स्ट जनरेशन'च्या 'क्यू हू' या भागात. देह आणि यंत्र यांचा तोच संकर, तीच भावनाशून्यता. त्यामुळे ही सरळ उचलेगिरी आहे असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. तो भाग लिहिणाऱ्या मॉरिस हर्लीच्या डोक्यात आधी कीटकांसारखी जमात होती. ते खर्चात बसेना, म्हणून यंत्रमानव आले. शिवाय दोघांची दुखरी जागा वेगळी आहे. सायबरमेन मरणाऱ्या ग्रहावर जगण्यासाठी स्वतःच असे झाले. बोर्ग तुमच्यातला 'मी' हिसकावतात. 1990 मध्ये यानाचा कप्तान पिकार्ड बोर्गच्या हाती लागतो आणि त्याचा लोक्युटस नावाचा बोर्ग होतो, तेव्हा त्याचं शरीर समोरच असतं, तो मात्र हरवलेला असतो. एका मालिकेला देहाची भीती आहे, दुसरीला ओळखीची.

या दोन मालिकांची गाठ एकदा अधिकृतपणे घालून दिली गेली, ती 2012 च्या 'असिमिलेशन स्क्वेअर्ड' या आठ अंकांच्या कॉमिकमध्ये. तिथे बोर्ग आणि सायबरमेन हातमिळवणी करतात, मग सायबरमेन बोर्गवरच उलटतात, आणि ज्यांनी आपल्याला ओरबाडलं त्यांनाच वाचवण्याची वेळ पिकार्डवर येते. पिकार्डचं ते अडून बसणं वाचण्यासारखं आहे. बाकी कथानक मला घाईचं वाटलं.

पडद्यावर मात्र भेट झाली नाही. टार्डिस 'एंटरप्राइझ' यानावर उतरवायची, 'डॉक्टर हू' नव्याने सुरू करणाऱ्या रसेल टी. डेव्हिसची इच्छा होती. पण त्याची 'डॉक्टर हू' 26 मार्च 2005 ला सुरू झाली आणि 'एंटरप्राइझ' ही मालिका 13 मे रोजी संपली. जेमतेम सात आठवडे दोन्ही एकाच वेळी चालू होत्या. भेट झाली नाही याचं मला वाईट वाटत नाही. ती झाली असती तर रोझच्या तोंडचा स्पॉक आणि वंशावळीतला हार्टनेल, दोन्ही खोटे पडले असते.

नव्याने पाहणार असाल तर 'द टेन्थ प्लॅनेट'पासून सुरुवात करा. तिचा चौथा भाग हरवलाय, पण त्याची अ‍ॅनिमेटेड आवृत्ती मिळते. त्यानंतर 'क्यू हू' आणि मग 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स'चे दोन्ही भाग पाहा. कॉमिक त्यानंतरच हातात घ्या.