सेनियोच्या बांधावरचा पाडवा

इटलीत, लेकीच्या बोलोन्यातल्या बाल्कनीत सकाळी सातलाच गुढी उभारली, गाठी पिशवीत टाकली आणि आम्ही दोघी लुगोची गाडी पकडायला निघालो. 2024 चा पाडवा 9 एप्रिलला आला होता. दुसऱ्या महायुद्धात, 1945 साली, याच तारखेला संध्याकाळी ब्रिटिश भारतीय सैन्यातल्या मराठा पलटणीचे जवान जर्मनांवर चालून जात लुगोजवळची सेनियो नदी ओलांडत होते. मी संगमनेरची. आमच्या तालुक्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांना त्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले. पण ही नदी कुठली, तिचं नाव काय, हे साठी उलटेपर्यंत मला माहीत नव्हतं. या गोष्टीची खंत वाटत होती, म्हणूनच आले होते.

लुगो हे पहिल्या महायुद्धातला इटालियन वैमानिक फ्रांचेस्को बाराक्का याचं गाव. त्याच्या विमानावरचा उधळलेला घोडा पुढे फेरारी गाड्यांवर गेला. चौकात त्याचं उंच स्मारक आहे. ते पाहून आम्ही लगेच सेनियोकाठच्या फुझिन्यानो गावाकडे निघालो.

सगळा मुलूख तव्यासारखा सपाट. द्राक्षांच्या रांगा, पीचच्या बागा. आपल्या नाशिककडचं शिवारच जणू. नदी मात्र कुठे दिसेना. लेकीने बोट दाखवलं तिकडे गवताने झाकलेली एक लांबच लांब भिंत होती. तो बांध. इथल्या नद्या गाळ आणून आणून शेतांपेक्षा उंचावरून वाहतात, म्हणून दोन्ही काठांना असे उंच बांध घातलेले. मे 2023 च्या महापुरात हेच बांध फुटून गावंच्या गावं पाण्यात गेली होती.

चढताना मला धाप लागली. माथ्यावरून खाली पाहिलं, तर एवढीशी नदी! मोठ्या पाटाएवढी. त्या पाण्यापेक्षा बांधाचीच भीती वाटली. 1944 च्या डिसेंबरअखेरीपासून जर्मन फौज इथे पाय रोवून बसली होती. बांध पोखरून तिने आत खंदक केले, मशीनगनची घरटी केली, दोन्ही उतारांवर सुरुंग पेरले. काही ठिकाणी तर एकाच बांधाच्या अलीकडे एक फौज आणि पलीकडे दुसरी, इतक्या जवळ. हे सगळं पुस्तकात वाचलं असतं तरी मला कळलं नसतं. गुडघ्यांवर जोर देऊन तो उतार चढल्यावर कळलं.

खालच्या गावात एका सभागृहात गावकऱ्यांनीच प्रदर्शन मांडलं होतं. काचेची कपाटं नाहीत. लांब टेबलांवर घराघरांतून आणलेल्या वस्तू. तोफगोळ्याच्या पितळी नळकांड्याची फुलदाणी, कोंबड्यांना दाणे घालून घालून गंजलेलं हेल्मेट, तळघरात वापरलेली चिमणी. प्रत्येकीखाली हाताने लिहिलेली चिठ्ठी: कुणाच्या शेतात, कोणत्या साली सापडलं. भिंतीवर नकाशा होता आणि त्यावर आठव्या भारतीय डिव्हिजनचे बाण.

व्याख्यान एका तरुण शिक्षकाचं होतं. लेक माझ्या कानात मराठीत सांगत होती. दुपारी आधी विमानं आली, मग तोफा. तोफा थांबायच्या, हल्ला आला असं वाटून जर्मन सैनिक जागा घ्यायचे, की तोफा पुन्हा सुरू. असं पुन्हा पुन्हा. शेवटी ज्वाला फेकणाऱ्या गाड्यांनी बांधावर आग ओतली आणि पायदळ पाण्यात उतरलं.

जाधव तेव्हा तेवीस वर्षांचे होते. पहिल्या बटालियनमध्ये कंपनी रनर, म्हणजे निरोप पोचवणारा जवान. पलीकडच्या बांधावर त्यांची छोटी तुकडी गोळ्यांखाली जवळजवळ संपली. दोन जखमींना त्यांनी गोळीबारातच खोल पाण्यातून, चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेऊन पोचवलं. मग परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी गप्प केली. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ग्रेनेड फेकले. आणि शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्या कंपन्यांना हाताने बोलावलं. ज्या माथ्यावर मी सकाळी धापा टाकत उभी होते, तसल्याच उघड्या माथ्यावर. शिक्षक ‘नामदेओ’ म्हणाला तेव्हा माझे डोळे भरून आले.

त्याच दिवशी, त्याच नदीवर फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते कोहाटचे. दोन वर्षांनी त्यांचं गाव पाकिस्तानात गेलं. इथल्या नकाशावर मात्र दोघांचे बाण शेजारी-शेजारी आहेत. दुसऱ्याच दिवशी लुगो मुक्त झालं.

प्रश्नांच्या वेळी सैन्याबद्दल फार कुणी विचारलं नाही. लोक सुरुंगांबद्दल बोलत राहिले. युद्ध संपलं तरी नांगर धरायची भीती होती, किती घरांतली माणसं आपल्याच वावरात गेली. आमच्याकडे या लढाईचं एक पदक उरलं. यांच्याकडे पूर्ण हिवाळा उरला आहे, तळघराच्या वासासकट, आणि तो ते नातवंडांना सांगत आहेत. आपण निमजच्या पोरांना या नदीचं नावसुद्धा सांगितलेलं नाही, हे मला तिथे फार लागलं.

दुसऱ्या दिवशी आल्फोन्सिनेचं सेनियो लढाईचं संग्रहालयही पाहिलं. 1981 पासूनचं, आवर्जून पाहावं असं. या गावाचा जुना भाग युद्धात इतका उद्ध्वस्त झाला की नवं गाव नदीच्या दुसऱ्या काठाला वसवावं लागलं. फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, शेजारी दहन झालेल्यांचं स्मारक. नावं वाचत जायला अर्धा दिवस हवा. आम्हाला तासच मिळाला.

पण मन त्या सभागृहातच राहिलं. निघताना एका आजींनी हात धरला. 1945 साली त्या सात वर्षांच्या होत्या, तळघरात. वर आल्या तेव्हा दारात पहिला माणूस दिसला तो ‘इंदियानो’, आणि त्याने त्यांना बिस्किट दिलं. ते जवान कुठल्या प्रांतातले, हे त्यांना सांगता येईना. मी पिशवीतली गाठी काढून त्यांच्या हातात ठेवली, आज आमचं नवं वर्ष आहे म्हटलं. त्यांनी जाधवांच्या फोटोखालची चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. त्यांच्या लिपीत नाव होतंच. आता तुमच्या अक्षरांत लिहा, म्हणाल्या. मी लिहिलं: नामदेव जाधव, मु. निमज, ता. संगमनेर.

त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, तिकडे नदी आहे?

आहे, म्हटलं. प्रवरा.

मोठी?

पावसाळ्यात मोठी. उन्हाळ्यात पायी ओलांडता येते.

सेनियोही ऑगस्टमध्ये तशीच असते, आजी म्हणाल्या.