भाताचा युरिया, टाचेचा युरिया

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. येळ्ळूरचे एक मामा दुकानात आले, चप्पल काढली आणि काउंटरला धरून टाच वर करून दाखवली. भेगा अशा की आत भाताचा दाणा बसावा. सुगी चालू होती, दिवसभर खळ्यावर अनवाणी. मी युरियाचं क्रीम काढून दिलं. मामांनी खिशातनं चष्मा काढला, ट्यूब उलटीपालटी केली आणि एकदम थबकले.

"पोरी, ह्यात युरिया हाय की गं! त्यो आमी भाताला टाकतोय."

"तोच, मामा."

"मग घरात पोतं पडलंय की. पैसे कशाला घालवू?"

दुकानातली सगळी हसली. मला मात्र धडकी भरली, कारण हा माणूस खरोखर घरी जाऊन पोत्यात हात घालेल असं दिसत होतं. मग गिऱ्हाइकं थांबवून त्यांना नीट सांगितलं. पोत्यातल्या युरियाला कडुनिंबाचं तेल चढवलेलं असतं, तो पिकासाठी केलेला. उललेल्या टाचेला तो नुसता झोंबेल. पण युरिया म्हणजे काही विष नव्हे. आपल्या कातडीत तो मुळातच थोडा असतो आणि पाणी धरून ठेवतो. क्रीममध्ये 10 टक्क्यांच्या आसपास असला तर कातडी मऊ राहते. 20 पर्यंत गेला की वरचा मेलेला जाड थर सैल करायला लागतो. मी दिलेल्यात 20 टक्के होता. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवायचे, पुसायचे, क्रीम लावायचं, वर मोजे घालायचे.

"मोजे?" मामा म्हणाले. "म्हातारी हसंल."

मी बेळगावच्या वडगावात औषधाच्या दुकानात बसते, चौदा वर्षं झाली. माहेर निपाणी. दुकानाच्या गल्लीत अजून मागांचा खडखडाट असतो, त्यामुळे गिऱ्हाईकही तसंच: मागावरची माणसं, शेतावरच्या बायका, कॉलेजच्या पोरी, आणि "अक्का, मारीगे हच्चो क्रीम कोड्री" म्हणणाऱ्या कन्नड मावश्या. भाषा कुठलीही असो, मागणी एकच, तोंडाला लावायचं काहीतरी द्या. आणि ट्यूबवर काय लिहिलंय ते ना मराठीत, ना कन्नडमध्ये. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात.

पोरी हल्ली मोबाईलवर फोटो घेऊनच येतात. नायसिनामाइड पाहिजे, हायलुरॉनिक पाहिजे. नावं अशी घेतात जणू नवीन लागलेले पिक्चर. नायसिनामाइड म्हणजे ब-3 जीवनसत्त्व, दुसरं काही नाही. कातडीचा वरचा थर घट्ट करतं, तेलकटपणा थोडा कमी करतं, आणि रंगाचे कण वरच्या पेशींकडे जायला अटकाव करतं, म्हणून डाग हळूहळू फिके होतात. हळूहळू म्हणजे दोन-तीन महिने. 5 टक्के पुरे. 10 टक्क्यांचं आणून तोंड लाल करून घेतलेल्या तिघी तरी माझ्यासमोर उभ्या राहिल्यात.

हायलुरॉनिकची एक गंमत. 1934 साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं गाईच्या डोळ्यातनं. हे मी एकदा सहज बोलून गेले, तर समोरच्या जैन काकूंनी बाटली खाली ठेवली ती ठेवलीच. आता ते जिवाणूंकडनं आंबवून करतात, आणि पाकिटावर हिरवा ठिपकाही होता, तो दाखवल्यावर परत उचलली. काम त्याचं पाणी धरून ठेवायचं. पण तेच काम ग्लिसरीन करतं, आजीच्या काळापासनं, चहा-भज्याच्या पैशात. अट एवढीच, ओल्या तोंडावर लावायचं आणि वर थोडं व्हॅसलीन किंवा साधं क्रीम फिरवायचं. बेळगावच्या डिसेंबरात, वारं सुटलेलं असताना, कोरड्या अंगाला नुसतं ग्लिसरीन चोपडलं तर वरनं चिकट आणि आतनं ओढ. व्हॅसलीन स्वतः ओलावा देत नाही, आत आहे तो उडू देत नाही.

सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं तर मला हसूच येतं. मुरमांसाठी 2 टक्क्यांची एवढीशी बाटली पोरी जपून जपून वापरतात. ते तेलात विरघळतं म्हणून छिद्रात उतरतं आणि तिथली घाण मोकळी करतं, ते खरंच आहे. पण रोप लावणीच्या दिवसांत बायका बोटांच्या बेचक्यात चिखल्या घेऊन येतात, त्यांना जुनं बेंझॉइक-सॅलिसिलिकचं मलम देतात, त्यात हेच 3 टक्के. पायाच्या कुरुपावर चिकटवायच्या पट्टीत हेच 40 टक्के. एकच अ‍ॅसिड, आकडा बदलला की काम बदललं. पोरींना हे सांगितलं की नाक मुरडतात. कुरुपाची पट्टी आणि आपला सीरम एका जातीचे, हे पटत नाही.

उसाचं तसंच. ग्लायकोलिक अ‍ॅसिड उसातही असतं. आता बाटलीत येतं ते बहुतेक कारखान्यात बनवलेलं, तो भाग वेगळा. वरचा मेलेला थर काढतं, पण लावल्यावर ऊन जास्त लागतं. म्हणून रात्री लावायचं आणि सकाळी सनस्क्रीन. सनस्क्रीनचा एसपीएफ, म्हणजे ऊन अडवायचा आकडा, 30 असला तरी भाजवणारे किरण जवळपास 97 टक्के अडतात, 50 असला तर 98. एका टक्क्यासाठी भांडू नका, भरपूर लावा. दोन बोटांवर लांब ओढलेली रेघ, एवढं तोंडा-मानेला. वाटाण्याएवढं लावून "काही फरक नाही" म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार.

व्हिटॅमिन सी आणलं आणि महिन्याभरात बाटली चहासारखी तांबडी झाली, तर टाका. कापून ठेवलेलं सफरचंद तांबडं पडतं तसंच ते. लिंबू मात्र तोंडाला चोळू नका, त्याचं आंबटपण कातडीला झेपत नाही आणि वर ऊन लागलं तर भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात. रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचंच एक रूप, रात्रीच लावायचं, आणि दिवस गेलेले असतील किंवा तसा विचार असेल तर अजिबात नाही.

आता माझं. डी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला होते, लग्न ठरलेलं. शेजारच्या वहिनीनं एक ट्यूब दिली, कुठल्याशा दुकानातनं चिठ्ठीशिवाय आणलेली. "लाव गं, पंधरा दिवसांत उजळशील." लावली. आणि खरंच उजळले! आई म्हणाली, "काय लावूलीस गं तोंडाला?" मी मान उडवली. मागच्या बाजूला तीन नावं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. तिन्ही मला परीक्षेला होती. मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड, हे मी वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. तरी लावत राहिले, चार महिने.

वांगावर हे औषध डॉक्टर काही आठवडे देतात, नजर ठेवून. मी हळदीच्या आदल्या आठवड्यात बंद केलं आणि तोंड पेटलं. लाल, सुजल्यासारखं, बारीक पुटकुळ्या, गालावर लव. ऊन नुसतं खिडकीतनं आलं तरी आग. हळद लावताना सगळ्यांना वाटलं मी लाजून लाल झालेय. चेहरा जागेवर यायला वर्ष गेलं, त्या वर्षात डॉक्टरांनी फक्त साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावायला सांगितलं. लग्नाचा अल्बम मी अजून कुणाला दाखवत नाही.

2018 पासून ही स्टेरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. तरी आठवड्यात एखादी तरी येते, रिकामी ट्यूब नाचवत, "हेच द्या, बाकीचं नको." मी चिठ्ठी मागते. ती रागावते आणि दुसरीकडे जाते. तिला तिथं मिळतं की नाही हे मला माहीत असतं, बोलत नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी येळ्ळूरचे मामा परत आले. आधी टाच दाखवली, भरल्या दुकानात, सगळ्यांना. भेगा बुजल्या होत्या, नुसत्या रेघा राहिल्या होत्या. मोजे कुणाचे घातले विचारलं तर म्हणाले, नातवाचे, शाळेचे. मग ट्यूब पुढं केली, दाबून दाबून चपटी झालेली.

"अर्धी म्हातारीनंच संपवली. आणि एक दे. वीसवालंच बघ, दहाचं देशील."