पद्मिनीला आजचे पेट्रोल मानवेपर्यंत

माझ्या १९८४ च्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन साताऱ्यातच उतरवले. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवले, क्रँक ग्राइंड केला, ॲल्युमिनियमच्या हेडचे फेसिंग करून (म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करून) व्हॉल्व्हच्या सीटा नव्या टाकल्या आणि इंजिन परत जागेवर बसवले. हे सगळे काम ठरल्याप्रमाणे झाले, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. लिहावेसे वाटते ते त्यानंतरच्या टप्प्याबद्दल, म्हणजे नव्याने बांधलेले हे इंजिन आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलवर नीट चालते करण्याबद्दल. त्यातला बहुतेक काळ कार्ब्युरेटरमधल्या नखाएवढ्या एका पितळी जेटने, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याने, खाल्ला आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

लक्षणे अशी होती. स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, इंजिन बरे चालत असे, पण तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर अर्धा दाबला की गाडी झटके देत असे आणि उचल घेत नसे. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात चढ लागला की नॉकिंगचा, म्हणजे इंजिनात ठोकल्यासारखा, आवाज सुरू व्हायचा आणि तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकायचा. घाट उतरून आल्यावर प्लग काढून पाहिले, तर त्यांची चिनी माती पांढरी फटक दिसली. नीट चालणाऱ्या इंजिनात ती बिस्किटी रंगाची असायला हवी. नव्या पिस्टन-रिंगा अजून बसायच्या असताना अशी उष्णता सोसणे इंजिनाला परवडणारे नव्हते, म्हणून मी घाटातल्या फेऱ्या लगेच थांबवल्या. ज्यांचे इंजिन नुकतेच बांधून झाले आहे, त्यांनी पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये असा पांढरा प्लग दिसला तर पुढे चालवून पाहण्याचा मोह टाळावा.

भेटेल तो जाणकार ऑक्टेनकडे, म्हणजे नॉकिंग टाळण्याच्या पेट्रोलच्या क्षमतेच्या आकड्याकडे, बोट दाखवत होता. कुणी महागडे पेट्रोल भरायला सांगितले, कुणी टाकीत ओतायची बाटली सुचवली, कुणी टायमिंग (प्लगमध्ये ठिणगी पडण्याची वेळ) मागे घ्या म्हणाले. मला यातले काहीच पटले नाही. ही गाडी ज्या काळात बनली, तेव्हा आपल्याकडचे पेट्रोल आजच्यापेक्षा कमी ऑक्टेनचे होते आणि इंजिनाचे कॉम्प्रेशनही (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबले जाते ते) त्याच बेताने ठेवलेले होते. आज साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलमुळे ऑक्टेन घटत नाही, उलट वाढते. ई२० पेट्रोलचे ऑक्टेन ९५ आहे. हेडच्या फेसिंगमुळे कॉम्प्रेशन थोडे वाढले होते हे खरे, पण तेवढ्याने ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलवर नॉकिंग होण्याचे कारण नव्हते.

खरे कारण हवा आणि पेट्रोल यांच्या प्रमाणात होते. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला मात्र सुमारे ९ किलोच पुरते. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब केला तर आकडा साडेतेराच्या आसपास येतो. आजकालच्या गाड्यांमध्ये सेन्सर असतो, तो हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. पद्मिनीच्या सोलेक्स कार्ब्युरेटरला, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, ते कळण्याचा मार्ग नाही. जेटच्या भोकातून जेवढे जाईल तेवढेच तो देतो. म्हणजे जुन्या जेटवर हे इंजिन सुमारे आठ टक्के उपाशी चालत होते आणि कमी पेट्रोलचे मिश्रण तापते, झटके देते आणि चढावर ठोकते.

हे नुसते कागदावर मांडून मी थांबलो नाही. चालत्या गाडीत, झटके येत असताना चोकचा नॉब (ज्याने मिश्रणात पेट्रोल वाढते) जरासा ओढला की झटके तिथल्या तिथे बंद होत. शिवाय कासच्या पठारावर, जिथे हवा विरळ असल्यामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण आपोआप थोडे वाढते, तिथे हीच गाडी शहरातल्यापेक्षा चांगली चालायची. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हेही घरी पाहता येते. शंभर मिलिलिटरच्या खुणांच्या काचेच्या नळीत २० च्या रेषेपर्यंत पाणी घेतले, त्यावर १०० च्या रेषेपर्यंत पेट्रोल ओतले, तोंड घट्ट बंद करून हलवले आणि नळी उभी ठेवून दिली. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते, त्यामुळे खालचा थर फुगतो. माझ्या नळीत तो ३५ च्या किंचित वर येऊन थांबला, म्हणजे ८० मिलिलिटर पेट्रोलमधून पंधरा-सोळा मिलिलिटर इथेनॉल खाली आले. हा प्रयोग उघड्या जागेत, आगीपासून लांब करावा आणि ते पेट्रोल पुन्हा टाकीत ओतू नये.

आता जेटकडे वळतो. माझ्या गाडीत १२० चा मेन जेट होता. हा आकडा ढोबळमानाने भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणजे १.२० मिलिमीटर. पेट्रोलचा प्रवाह व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे १२५ चा जेट लावला तर सुमारे साडेआठ टक्के जास्त पेट्रोल मिळते. मला हवी असलेली वाढ जवळजवळ तेवढीच होती. एवढा सरळ हिशेब हातात असताना ते काम एका दुपारचे असायला हवे होते.

साताऱ्यात १२५ चा जेट मिळाला नाही. पुण्यातल्या एका दुकानाने आहे म्हणून सांगितले, पैसे आगाऊ घेतले, आणि मग सुरू झाले ते ‘माल येतोय’ हे उत्तर. फोन केला की माणूस जेवायला गेलेला असे, नाहीतर पार्सल निघालेले असे. अखेर जेट आला, त्यावर १२५ स्वच्छ कोरलेले होते. मी तो लावला आणि गाडीत तसूभरही फरक पडला नाही. झटके तेच, प्लगचा रंग तोच. गॅरेजमधले मामा म्हणाले, “साहेब, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच.” पण चोक ओढल्यावर जी गाडी तक्रार न करता पळते, तिच्या बाबतीत हे मान्य करायला मी तयार नव्हतो.

मधल्या काळात मी बाकीच्या शक्यता एकेक करून तपासल्या. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधल्या गॅस्केटमधून हवा ओढली जात नव्हती, फ्लोटची पातळी बरोबर होती, पेट्रोल पंप भरपूर पेट्रोल देत होता, पॉइंटचा गॅप आणि टायमिंग पुस्तकाप्रमाणे होते. या गोष्टी आधी पाहिल्याशिवाय जेटला हात लावू नये, कारण हवा गळत असेल तर कितीही मोठा जेट लावून उपयोग होत नाही. एवढे करूनही उत्तर मिळेना, तेव्हा मी दोन्ही जेट घेऊन एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये गेलो. तिथल्या कारागिराने पिन गेजचा, म्हणजे नेमक्या मापाच्या पिनांचा, डबा उघडला आणि जेट उजेडासमोर धरून एकेक पिन घालून पाहिली. जुन्या जेटमध्ये १.२० ची पिन हलकेच सरकली. दुकानातून आलेल्या ‘१२५’ मध्येही १.२० चीच पिन गेली आणि १.२१ ची अडली. भिंगातून पाहिले, तर भोकाच्या काठाला बारीक बुराही (कापताना उरलेली धातूची कूस) होता, ज्यामुळे पेट्रोलची धार आणखी कमी होत असणार. म्हणजे आकडा नवा होता आणि भोक जुनेच, त्यातही जुन्यापेक्षा वाईट.

मी दुकानात जाऊन हे दाखवले, तर उत्तर मिळाले, “आकडा बघा की, एकशे पंचवीसच लिहिलंय.” पैसे परत मिळाले नाहीत. ज्या वस्तूचे सगळे मोल एका भोकाच्या मापात आहे, ती वस्तू माप न पाहता विकणे मला आजही क्षम्य वाटत नाही. माझा सल्ला एवढाच, की जेट विकत घेताना आकड्यावर विश्वास ठेवू नका; पिन गेज नसेल तर चांगल्या प्रतीच्या ड्रिलची मागची गुळगुळीत दांडी घालून पाहा आणि माप जुळल्यावरच पैसे द्या.

त्याच कारागिराने त्याच जेटचे भोक रीमरने (भोक गुळगुळीत वाढवणाऱ्या हत्याराने) १.२५ पर्यंत नेले, बुरा काढला आणि पिन घालून खात्री करून दिली. ड्रिल न वापरता रीमर वापरणे महत्त्वाचे आहे, कारण भिंत खडबडीत राहिली तर माप बरोबर असूनही प्रवाह बिघडतो. जेट लावला, इंजिन गरम करून स्लोचा मिश्रण-स्क्रू अगदी किंचित सोडला आणि यवतेश्वरच्या घाटात निघालो. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी एकाही झटक्याशिवाय चढली, नॉकिंग नाही, काटा जागच्या जागी. वर थांबून प्लग काढला, तो बिस्किटी होता. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो इंजिन पहिल्यांदा सुरू झाले त्या दिवशीपेक्षाही मोठा होता.

पीयूसीची काळजी वाटत होती, कारण पेट्रोल वाढवले की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. या वयाच्या गाड्यांना स्लोवर ३ टक्क्यांची मर्यादा आहे आणि माझी गाडी तिच्या बरीच आत राहिली. मायलेज मात्र थोडे उतरले आणि ते उतरणारच, कारण एक लिटर इथेनॉलमधली उष्णता एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असते.

एक गोष्ट खरे तर आधीच सांगायला हवी होती. जेटच्या भानगडीत पडण्यापूर्वी पेट्रोलचे सगळे रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटे इथेनॉलला टिकणारी टाकून घ्यावीत; जुने रबर फुगते, मऊ पडते आणि त्याचे कण नेमके जेटमध्ये अडकतात. टाकीत वर्षानुवर्षे साचलेला चिकट थरही इथेनॉल सोडवून आणते, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर लवकर बदलावा. आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर टाकी अर्धी ठेवू नये. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतले पाणी इथेनॉल ओढून घेते, प्रमाण वाढले की ते दोघे मिळून तळाशी बसतात आणि पहिल्याच स्टार्टला इंजिनाच्या वाट्याला पेट्रोलऐवजी तेच येते.